जुनी मोझॅक फरशी काढून टेराझो डिझाइनची व्हिट्रिफाइड टाकावी का?

काढू नका. तुम्ही लिहिलंय की फ्लॅट ऐंशीच्या दशकातला आहे, मोझॅक काळवंडलंय आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय सगळं उखडून टेराझो डिझाइनची व्हिट्रिफाइड टाइल टाकू. अहो, तुमच्याकडे आत्ता आहे तोच खरा टेराझो, आणि तो काढून त्याचा फोटो छापलेली टाइल तुम्हाला विकतायत! मी इंटिरियरच्या साइट्स बघतो, हा प्रकार सारखा चाललेला असतो.

सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिप्स घालून, सुकल्यावर घासून पॉलिश केलेली फरशी म्हणजे टेराझो. व्हेनिसकडच्या कारागिरांनी संगमरवराच्या उरलेल्या तुकड्यांतून हे सुरू केलं, आपल्याकडे मोझॅकच्या लाद्या म्हणून घरोघरी पोचलं. लादी साधारण २०-२२ मिमी जाड, त्यात वरचे ५-६ मिमी चिप्सचे, आणि पॉलिशमध्ये जेमतेम एखादा मिमी जातो, म्हणजे अजून बरंच आयुष्य शिल्लक आहे. छापील टाइलवर ओरखडा गेला की गेला, ती घासून परत नवी होत नाही.

आधी एवढं करा, एक रुपयाचं नाणं घेऊन लाद्यांवर ठोकत फिरा. जिथे पोकळ आवाज येईल ती लादी खालून सुटलीय, तेवढ्याच काढून परत बसवा. बदली लादी लागली तर बाजारात तसाच रंग मिळणं कठीण, म्हणून भिंतीतल्या कपाटाखालची नाहीतर ओट्याखालची काढून बाहेर लावायची आणि तिथे काहीही चालतं, कोण बघतंय. निम्म्या खोलीत पोकळ वाजलं किंवा फरशी खचलेली असेल तर मात्र कॉन्ट्रॅक्टरचं बरोबर आहे, मग काढाच.

पॉलिशचं काम घाणेरडं असतं हे सांगून ठेवतो. पाणी घालून मशीन फिरवतात, आधी जाड दगड मग बारीक, मध्ये सांधे आणि भोकं पांढऱ्या सिमेंटमध्ये रंग मिसळून भरतात, परत घासतात, शेवटी चकाकीसाठी ऑक्सॅलिकची पावडर. ताकासारखा राडा सगळीकडे उडतो, भिंतींवर पण, म्हणून रंगकाम नेहमी याच्यानंतर. आणि नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या भोकात, फडकं कोंबून ठेवा, तो राडा आत जाऊन घट्ट झाला की प्लंबरला बोलवावं लागतं आणि खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. हो, खोली पूर्ण रिकामी लागते, सामान या खोलीतून त्या खोलीत करत बसायची तयारी ठेवा.

ओट्यालाही टेराझो करू का असं विचारलंय. माझं मत नको. फोटोत छान दिसतं पण संगमरवर आणि सिमेंट दोन्हीला आंबट चालत नाही, लिंबू, चिंच, कोकम सांडलं आणि राहिलं की तिथली चकाकी जाते, हळदीचा डाग तर बसतोच. रोज फोडणी होणाऱ्या घरात ग्रॅनाइटच बरा. त्याच कारणाने फरशीवर ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीच नको, पुसायला साधं पाणी आणि थोडा सौम्य साबण पुरे.

पॉलिशवाल्याशी भाव ठरवायच्या आधी त्याला पलंगाखालच्या दोन लाद्या शेवटपर्यंत करून दाखवायला सांगा, नुसतं मेण फासून चमकवणारे पण खूप आहेत, म्हणून त्यावर ओलं फडकं मारून सुकल्यावर चकाकी तशीच आहे का बघा आणि मगच ॲडव्हान्स द्या.