कोलाज आधी, ॲप नंतर

प्रश्न: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी औषधांची आठवण देणारं ॲप बनवतोय. बैठकीत ही मंडळी नुसतं 'छान आहे' म्हणतात. त्यांच्याकडून कोलाज (कागदावर चित्रं चिकटवून आपलं म्हणणं मांडणं) करून घ्यावं का?

उत्तर: जरूर. पण ॲप आधी दाखवू नका, नाहीतर चर्चा बटणांच्या रंगांवरच अडकते. सांभाळणारे पाच-सहा जण, दोन तास. प्रत्येकाला ए३ कागद, गोंद आणि मासिकांतली आधीच कापलेली चित्रं (कात्री हातात आली की मोठी माणसं बिचकतात!). विषय एकच: 'कालची रात्र'. अर्धा तास चिकटवणं, बाकी बोलणं. अर्थ ज्याचा त्याला सांगू द्या. समजा, कुणी घड्याळावर काळा कागद डकवला; कारण विचारा. गजराने रुग्ण दचकतो असं निघालं, तर 'आवाज नको, फोन नुसता थरथरावा' हे त्याच कागदामागे लिहा. तेवढा वेळ रुग्णाजवळ कोण बसणार, ते मात्र आधी ठरवा; नाहीतर कुणी फिरकणार नाही.