आईवर लिहायचे, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : माझी आई गेल्या वर्षी आषाढात गेली. तिचे वर्षश्राद्ध आता जवळ आले आहे. आम्ही चार भावंडे, नऊ नातवंडे आणि दोन पणतवंडे असा तिचा परिवार. थोरली नात पुण्यात असते, एक नातू जर्मनीत. त्या दोघांनी असे सुचवले, की त्या दिवशी भांडी वाटण्याऐवजी आजीच्या आठवणींची छोटी पुस्तिका छापून आप्तांना द्यावी. मी लिहायला बसलो खरा, पण ‘प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक’ या तीन शब्दांपुढे लेखणी सरकेना. हाताशी दोन फोटो, एक रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला एवढेच आहे. दाखल्यावरची 1 जून 1951 ही जन्मतारीख खरी नाही, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. ‘रझाकारीत मी आईच्या कडेवर होते,’ असे ती नेहमी सांगे. तिचे माहेर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सासर बार्शी तालुक्यात. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आपण लिहिलेले ते तीन शब्द खोटे नाहीत, परंतु ते कोणाच्याही आईला लागू पडतात, म्हणून लेखणी तेथेच थांबते. ते तूर्त बाजूला ठेवा. आपल्या पत्रातील खरी सुरुवात ‘रझाकारीत मी कडेवर होते’ ही आहे, कारण ते वाक्य आपल्या आईचे स्वतःचे आहे आणि त्यात तिचे वयही दडलेले आहे.

दाखल्यावरची 1 जून ही तारीख त्या पिढीतील असंख्य लोकांच्या वाट्याला आली आहे. जूनमध्ये शाळा उघडत, जन्माची नोंद कोणाकडे नसे आणि गुरुजी मुलाचे वय प्रवेशाला बसेल अशा बेताने साल घालून 1 जून लिहून टाकत. त्यामुळे ती तारीख पुस्तिकेत द्यायचीच असेल, तर ‘शाळेच्या दाखल्याप्रमाणे’ असे म्हणून द्या. तिचे माहेर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि निजामाने शरणागती पत्करली ती 17 सप्टेंबर 1948 रोजी. त्याआधीच्या वर्ष-दीड वर्षात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, जाचाला कंटाळून सरहद्दीवरच्या कितीतरी कुटुंबांनी मुंबई इलाख्यातल्या बार्शी-सोलापूरकडे आसरा घेतला होता. त्या धावपळीत जे मूल कडेवर होते, ते 1946-47 च्या सुमारास जन्मलेले असणार. म्हणजे कागदापेक्षा आपली आई चार-पाच वर्षांनी मोठी होती, आणि लहानपणी ज्या बार्शीकडे तिचे घर आसऱ्यासाठी आले असेल, त्याच बार्शीच्या मुलखात ती पुढे सून म्हणून आली. तिच्या माहेरची माणसे खरोखर सरहद्द ओलांडून आली होती का, आणि कोणाच्या घरी उतरली होती, हे मात्र आता विचारून घ्यायला हवे.

याच रीतीने पुढची वर्षे लावता येतील. 1972 च्या दुष्काळात ती पंचविशीच्या आसपास होती. आपल्या थोरल्या भावंडांना विचारा, की ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती का, नालाबंडिंगच्या कामावर होती का, कामावर मिळणारी सुकडी ती घरी कशात बांधून आणी आणि मिलो या परदेशी ज्वारीच्या त्या लाल भाकरीबद्दल ती पुढे काय बोले. लग्नाचे वऱ्हाड बैलगाडीने आले की बार्शी लाइट रेल्वेने, हेही कोणीतरी सांगू शकेल. 1897 साली सुरू झालेली आणि पुढे लातूर-मिरजेपर्यंत गेलेली ती छोटी गाडी त्या भागातल्या अनेक नवऱ्यामुलींनी डोळे पुसत पाहिलेली आहे.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. आपल्या संपूर्ण पत्रात आईचे नाव कोठेही नाही. हा दोष आपला नव्हे, आपल्या समाजाचा आहे. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहिले गेले, की जुने नाव माहेरच्या उंबऱ्याआत राहते, आणि नातवंडांना आजीची आज्जी एवढीच ओळख उरते. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचे नाव लिहिणे राज्यात बंधनकारक झाले, ही चांगली गोष्ट आहे. आपल्या आईसाठी मात्र हे काम आपल्यालाच करावे लागेल. दाखल्यावर तिचे माहेरचे नाव असेलच, पण घरात तिला त्याच नावाने हाक मारत होते असे समजू नका.

माझ्या आजीचे माहेरचे नाव मला ती गेल्यानंतर अकरा वर्षांनी सापडले, तेही माळ्यावरच्या एका पितळी डब्यावर. घर रिकामे करताना तो काढला, चिंचेने घासला, आणि झाकणाच्या कडेला ठोक्यांच्या बारीक टिंबांनी काढलेली अक्षरे वर आली. तिच्या मामाने लग्नात दिलेल्या भांड्यावर तीन अक्षरांचे एक नाव होते, जे घरात मी कधीही ऐकले नव्हते. शेवटचे अक्षर जागा न पुरल्यामुळे खाली ढकललेले होते. डबा हातात घेऊन मी बराच वेळ तेथेच बसून राहिलो. ज्या बाईच्या मांडीवर मी वाढलो, तिला कोणीतरी या नावाने अंगणातून हाक मारत असेल, हे तोवर माझ्या मनातही आले नव्हते.

म्हणून भांडी वाटण्याचा विचार सोडला असला, तरी घरातली जुनी भांडी एकदा उतरवून पाहा. हंडा, परात, तांब्या, लोटी यांच्या काठावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधीकधी तारीखही असते. लग्नाचे साल त्यातून मिळू शकेल. तिने शिवलेली वाकळ असेल, तर ती मोठ्या बहिणीपुढे पसरा आणि कोणता तुकडा कोणत्या लुगड्याचा हे विचारा. जर्मनीतल्या नातवाला धपाट्यांची कृती हवी असेल, तर ‘अंदाजाने’ असे लिहू नका. आई ज्या वाटीने पीठ घेई ती वाटी शोधा आणि तिच्यात किती मावते ते मोजा. तिचे बोलणे तिच्याच बोलीत लिहा, प्रमाण भाषेत सुधारू नका. भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही छापा.

आईची एखादी धाकटी बहीण, भावजय किंवा गावातली मैत्रीण हयात असेल, तर छापखान्यात जाण्याआधी तिच्याकडे जाऊन या. थोरल्या नातीला बरोबर न्या. आजीच्या वयाच्या बायका मुलापेक्षा नातीपाशी मोकळेपणाने बोलतात. फोनवर आवाज टिपून घ्यायचा असेल, तर आधी तसे सांगा. आणि ‘आई कशी होती?’ असे विचारू नका, कारण उत्तर पुन्हा त्या तीन शब्दांतच मिळेल. लहानपणी तिला काय म्हणून हाक मारत होते, एवढेच विचारा आणि मग ऐकत राहा. जे नाव कळेल, ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, फोटोच्याही वर येऊ द्या.