कोलंबिया विद्यापीठाची माणसे : बाबासाहेब आणि त्यांच्या आगेमागे असलेले

आपण विचारले आहे की भाचीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आहे, घरात सर्वांना तेथले बाबासाहेब आणि ओबामा एवढेच ठाऊक आहेत, तर त्यांच्यापलीकडे कोण कोण मोठी माणसे या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. आणि ‘खासगी विद्यापीठ’ म्हटल्यावर आजोबांनी नाक मुरडले, त्यांना काय सांगावे. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे मी ते एकत्रच घेतो.

आधी खासगीपणाविषयी. आपल्याकडे खासगी महाविद्यालय म्हटले की गेल्या तीसचाळीस वर्षांतील संस्था आणि देणग्या डोळ्यांसमोर येतात. कोलंबियाची स्थापना १७५४ सालची, इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याच्या सनदेने झालेली, आणि तेव्हाचे नाव किंग्ज कॉलेज. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर राजाचे नाव गळून पडले आणि १७८४ मध्ये संस्था कोलंबिया झाली. अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे हे अमेरिकी राज्याची घडी बसवणारे दोघेही या किंग्ज कॉलेजचे विद्यार्थी. येथे ‘खासगी’ याचा अर्थ एवढाच की कारभार सरकारकडे नसून विश्वस्त मंडळाकडे आहे. ही व्यवस्था तारक ठरली तशी मारकही ठरली, त्याचे उदाहरण पुढे देतो.

शहराचा भाग मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. विद्यापीठ १८९७ मध्ये मॅनहॅटनच्या उत्तरेकडील मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर गेले. अध्यक्ष सेथ लो यांनी स्वतःच्या पैशातून वडिलांच्या स्मरणार्थ ग्रंथालयाची इमारत उभारली आणि पुढे ते न्यूयॉर्कचे महापौरही झाले. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे ११६व्या रस्त्यावर थेट विद्यापीठाच्या दारात आली. टेकाडाच्या पायथ्याशी उद्यान आणि उद्यानापलीकडे पुढे कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून प्रसिद्ध झालेले हार्लेम. बंदरात उतरलेला परदेशी विद्यार्थी, नुकताच स्थलांतरित होऊन आलेला कामगार आणि जगभरचे पुस्तक विक्रेते एकाच शहरात असल्यामुळे या विद्यापीठाला जी माणसे लाभली, ती एखाद्या निवांत गावातल्या विद्यापीठाला लाभली नसती, असे माझे मत आहे.

नामवंतांची यादी हवी असेल तर ती कोठेही मिळेल. पण अशा याद्यांत एक वर्ष काढून निघून गेलेला, तेथेच घडलेला आणि केवळ मानद पदवी स्वीकारून परतलेला असे सगळे एका ओळीत बसवलेले असतात. म्हणून भाचीला माझे सांगणे असे की नावे पाठ करण्यापेक्षा एक कालखंड धरावा. माझ्या मते तो कालखंड १९०६ ते १९१७ हा आहे.

१९०६ मध्ये पिक्सली का इसाका सेमे हा झुलू तरुण कोलंबियातून पदवीधर झाला. त्याच वर्षी आफ्रिकेच्या पुनरुत्थानाविषयी त्याने केलेल्या भाषणाला विद्यापीठाचे वक्तृत्वाचे पदक मिळाले, आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ज्या संघटनेची पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस झाली तिच्या स्थापनेत तो अग्रभागी होता. त्याच १९१२ मध्ये वेलिंग्टन कू या चिनी विद्यार्थ्याने कोलंबियातून डॉक्टरेट मिळवली. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत शांतुंग प्रांताचा प्रश्न चीनच्या वतीने मांडणारे मुत्सद्दी ते हेच. १९१३ च्या जुलैत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ मध्ये हू शि हा चिनी तरुण कॉर्नेल विद्यापीठातून कोलंबियात जॉन ड्युई यांच्याकडे तत्त्वज्ञान शिकायला आला, आणि अभिजात चिनी सोडून बोलीभाषेत लिहा, हा त्याचा आग्रह १९१७ पासून चीनमध्ये मोठ्या वाङ्मयीन चळवळीचे कारण ठरला.

आंबेडकर आणि हू शि यांच्यात एक साम्य आहे. दोघांचे गुरू ड्युई. दोघांचेही शिक्षण १९१६-१७ च्या सुमारास आटोपले, पण डॉक्टरेट औपचारिकपणे दोघांच्या नावावर चढली ती १९२७ मध्ये. त्या काळी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे जमा कराव्या लागत. आंबेडकरांचा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंध १९२५ मध्ये लंडनला छापला गेला आणि त्याला त्यांचे कोलंबियातील मार्गदर्शक एडविन सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. १९२७ हे आपल्याकडे महाडच्या चवदार तळ्याचे वर्ष. पदवी हाती आली तेव्हा पदवीधर मार्चमधला पहिला सत्याग्रह करून मोकळा झाला होता.

बाबासाहेबांच्या कोलंबियातील दिवसांविषयी आपल्याकडे भक्तिभावाने पुष्कळ बोलले जाते, पण तेथे ते नेमके काय शिकले हे क्वचितच सांगितले जाते. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनचा एकेक. म्हणजे मुख्य विषय अर्थशास्त्र, आणि त्याच्या भोवती माणसाच्या समाजाविषयी जे जे शिकवले जात होते ते जवळजवळ सगळे. इतिहास जेम्स हार्वी रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल यांच्याकडे.

मानववंशशास्त्राचे अभ्यासक्रम चारच, पण त्यांतूनच भारताच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी लेखन आले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. त्यातील युक्तिवाद सविस्तर पाहण्याजोगा आहे. भारतीय समाज मुळात गोत्राबाहेर लग्न करणारा, म्हणजे बहिर्विवाही. अशा समाजावर एखाद्या गटाने अंतर्विवाहाचे, म्हणजे गटातच लग्न करण्याचे, बंधन लादले की जात तयार होते. पण बंधन लादल्यावर गटात स्त्रीपुरुषांची संख्या जुळती ठेवणे भाग पडते. नवरा आधी मेला तर विधवा ‘जादा’ ठरते, बायको आधी मेली तर विधुर ‘जादा’ ठरतो, आणि ज्याला त्याला गटाबाहेर जोडीदार शोधू दिला तर जातच मोडते. सती, सक्तीचे वैधव्य आणि विधुराला वयाने फार लहान मुलगी देणे या तिन्ही प्रथा या हिशेबातून निघतात, असे त्यांनी दाखवले. जातिव्यवस्थेचा पाया स्त्रीच्या नियंत्रणावर आहे हे सांगणारा हा निबंध एका विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला होता. तो १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

याच निबंधात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले या युरोपीय अभ्यासकांसोबत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या व्याख्येची चिकित्सा केली आहे आणि केतकर या विषयाच्या अधिक जवळ पोहोचतात असे मोकळेपणाने म्हटले आहे. पुढे ज्ञानकोशकार म्हणून आपल्याला परिचित झालेल्या केतकरांनी जातीवरील आपले पुस्तक कॉर्नेलमध्ये असतानाच लिहिले होते. दोन मराठी माणसांचा जातीविषयीचा हा वाद-संवाद न्यूयॉर्क राज्यातील दोन विद्यापीठांच्या आधाराने झाला, याची नोंद मराठी वाचकाने अवश्य ठेवावी.

गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. बोआस यांनी कोलंबियात जो मानववंशशास्त्राचा विभाग घडवला, त्याचे मुख्य सूत्र असे की माणसांच्या समूहांतील फरक वंशाने ठरत नाहीत, ते इतिहास आणि संस्कृतीने घडतात. त्या काळच्या अमेरिकेत हे सांगणे धाडसाचे होते. रुथ बेनेडिक्ट, मार्गारेट मीड आणि झोरा नील हर्स्टन या तिघी याच परंपरेतल्या. हर्स्टन ही बर्नार्ड या संलग्न महिला महाविद्यालयाची पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. १९२८ मध्ये पदवीधर झाल्यावर तिने दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या लोककथा गोळा केल्या. बर्नार्ड वेगळे का, याचे उत्तर सरळ आहे : कोलंबियाच्या मूळ महाविद्यालयात मुलींना प्रवेश मिळू लागला तो १९८३ मध्ये. बराक ओबामांना पदवी मिळाली तेही १९८३ मध्येच, म्हणजे ते शिकत होते तेव्हा त्या महाविद्यालयात मुलींना प्रवेश नव्हता. भाचीने हे वर्ष ध्यानात ठेवावे.

आता एका वसतिगृहाविषयी. आंबेडकर न्यूयॉर्कला आल्यावर प्रथम हार्टली हॉलमध्ये काही दिवस राहिले. तेथले जेवण मानवेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले. कोलंबियात त्यांना जी बरोबरीची वागणूक मिळाली, ती त्यांना जन्मात प्रथमच मिळत होती, आणि आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तेथले काही वर्गबंधू आणि प्राध्यापक, असे त्यांनी १९३० मध्ये लिहिले. त्याच हार्टली हॉलमध्ये १९२१ मध्ये लँगस्टन ह्यूज हा कृष्णवर्णीय तरुण कवी आला. खोली पत्राने ठरवलेली होती. समोर उभ्या मुलाचा रंग पाहिल्यावर ती द्यायला कारभाऱ्यांनी खळखळ केली. ह्यूज वर्षभरात विद्यापीठ सोडून गेला. हार्लेम मात्र त्याने आपले मानले. जो दरवाजा महाडच्या सत्याग्रहाच्या भावी नेत्यासाठी सहज उघडला, तो आठ वर्षांनी त्या देशातल्याच अस्पृश्यांपैकी एकासमोर अडखळत उघडला. कोलंबियाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या लोकांनी ही दुसरी बाजूही मुलांना सांगावी, असे मला मनापासून वाटते. बाबासाहेबांना ती दिसत होती. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली, ती याच जाणिवेतून. आणि १९६८ मध्ये विद्यापीठाने हार्लेमलगतच्या उद्यानात व्यायामशाळा बांधायला घेतली तेव्हा विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, त्यामागेही व्हिएतनाम युद्धाच्या जोडीला हाच शेजाराचा प्रश्न होता.

खासगीपणाच्या मारक बाजूचे उदाहरण येथे द्यायला हवे. निकोलस मरे बटलर १९०२ ते १९४५ अध्यक्ष होते आणि १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. पण १९१७ मध्ये, अमेरिका युद्धात उतरल्यावर, युद्धाला विरोध केल्याबद्दल जेम्स कॅटेल आणि हेन्री डाना या प्राध्यापकांना विश्वस्तांनी काढून टाकले. इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांना युद्ध मान्य होते, तरीही या कारवाईच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला. १९१९ मध्ये रॉबिन्सनही बाहेर पडले, आणि या मंडळींनी त्याच शहरात न्यू स्कूल ही संस्था काढली. ड्युईंचाही तिला हातभार होता. ड्युई आणि सेलिग्मन यांनी १९१५ मध्येच प्राध्यापकांच्या स्वातंत्र्यासाठी देशव्यापी संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला होता, आणि ड्युई तिचे पहिले अध्यक्ष होते. ज्यांच्याकडे बाबासाहेब शिकले ते प्राध्यापक सत्तेसमोर मान तुकवणारे नव्हते. आजोबांना हे सांगा. त्यांची शंका अगदीच निराधार नाही, आणि तिचे उत्तर तेथल्याच माणसांनी दिले आहे.

विज्ञानाकडे मी धावती नजर टाकतो, कारण भाचीचा विषय तो नाही. थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या वाढवल्या जात, आणि त्यांच्या हाताखालच्या आल्फ्रेड स्टर्टव्हँट या विद्यार्थ्याने गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. १९३९ च्या जानेवारीत एन्रिको फर्मी येथे आले आणि त्याच महिन्यात प्युपिन इमारतीच्या तळघरात युरेनियमच्या विखंडनाचा, म्हणजे अणू फोडण्याचा, प्रयोग झाला. चिएन-शिउंग वू या कोलंबियातील भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीने प्रयोगाने सिद्ध केलेल्या गोष्टीवर १९५७ चे नोबेल दोघा पुरुष सिद्धांतकारांना मिळाले, वू यांना नाही. ही रुखरुख भौतिकशास्त्राच्या लोकांत आजही आहे. आणि जन्मलेल्या बाळाला पहिल्या काही मिनिटांत जे अपगार गुण देतात, ते कोलंबियाच्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ मध्ये मांडले.

१९५२ च्या जूनमध्ये बाबासाहेब मानद डॉक्टरेट स्वीकारण्यासाठी पुन्हा न्यूयॉर्कला गेले. समारंभ ५ तारखेला होता. ड्युई १ तारखेला वारले. भेटीची आशा मनात होती, आणि आपले सारे बौद्धिक जीवन त्यांच्यामुळे घडले अशा आशयाचे पत्र बाबासाहेबांनी माईसाहेबांना धाडले. १९३६ च्या न दिलेल्या लाहोरच्या भाषणातही त्यांनी ड्युईंना गुरू म्हणून नावाने स्मरले होते.

भाचीने तेथे गेल्यावर लेहमन ग्रंथालयातील बाबासाहेबांचा कांस्य अर्धपुतळा जरूर पाहावा. मुंबईचे शिल्पकार विनय वाघ यांनी घडवलेला हा पुतळा ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या महासंघाने १९९१ मध्ये विद्यापीठाला भेट दिला. मात्र जाण्यापूर्वी तिने १९१६ चा निबंध मूळ इंग्रजीतून वाचावा. तो लहान आहे, दोन संध्याकाळी पुरतात. वाचताना ‘अनुकरण’ या मुद्द्यापाशी थांबावे, कारण एका गटाने दार लावून घेतल्यावर बाकीच्यांनी ते का लावले, याचे बाबासाहेबांनी दिलेले उत्तर तिला समाजशास्त्राच्या पहिल्याच सत्रात उपयोगी पडेल.