विल्यम गिब्सनची 1984 सालची विज्ञानकादंबरी 'न्यूरोमॅन्सर' आज वाचली तर जुनाट वाटते का?

वाटते ना. पहिल्याच वाक्यापासून वाटते. बंदरावरचं आकाश बंद चॅनेल लावलेल्या टीव्हीच्या रंगाचं आहे, असं ते वाक्य. गिब्सनच्या मनात मुंग्या आलेला करडा पडदा होता. नंतरच्या टीव्हींवर सिग्नल गेला की निळाशार पडदा यायचा, म्हणजे त्या पिढीच्या वाचकाला तिथे चक्क निरभ्र आकाश दिसणार! पुढे केस, म्हणजे आपला हॅकर नायक, 3 मेगाबाइट चोरीची मेमरी विकायच्या खटपटीत असतो. माझ्या मोबाइलमधला एखादा फोटो त्याहून मोठा निघेल. आणि मोबाइल तर अख्ख्या कादंबरीत कुणाकडेच नाही.

कॉलेजात असताना वाचली तेव्हा यातलं काहीच खटकलं नव्हतं. गेल्या वर्षी पुन्हा हातात घेतली तेव्हा जागोजागी हसू आलं. पण इस्तंबूलच्या हॉटेलातला प्रसंग आला आणि हसू थांबलं. केस सिगारेट आणायला निघालाय. भिंतीलगत सार्वजनिक फोनची रांग. जवळचा फोन वाजतो, तो सवयीने उचलतो, तर पलीकडून विंटरम्यूट नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता त्याला नावाने हाक मारते. तो फोन ठेवून परत फिरतो. वाटेत तीच रांग. तो जसजसा पुढून जातो तसतसा एकेक फोन एकदाच वाजतो आणि गप्प होतो. खिशात मोबाइल असता तर हा प्रसंग झालाच नसता.

या खेपेला खरा चटका लावला तो डिक्सी फ्लॅटलाइनने. एका मेलेल्या हॅकरच्या मनाची ही रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत, साठवलेली प्रत. गप्पा मारते, डावपेच सांगते, पण सुरुवातीला केस तिला बंद करून पुन्हा सुरू करतो तेव्हा मघाचं बोलणं तिच्या गावीही नसतं. चॅटबॉटशी बोलणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. कामाच्या मोबदल्यात ती एकच मागते : काम झालं की मला पुसून टाक. तरुणपणी हे पान मी केसची लढवय्यी साथीदार मॉली हिच्या मारामाऱ्यांच्या नादात भराभर उलटलं होतं.

वाचायला घेतलीत तर पहिली पन्नासेक पानं डोक्यावरून जातील. गिब्सन कुठलाच शब्द समजावून सांगत बसत नाही. अडू नका, तसंच पुढे रेटा.