गाडीचा सल्ला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सांगलीत १९६४ ची जॅग्वार मार्क टू, ३.४ लिटर, विक्रीला आहे. रंग, लाकडी डॅशबोर्ड, लेदर सगळं नव्यासारखं. मालक म्हणतात, ‘वेल मेन्टेन्ड आहे, घ्या आणि चालवा.’ बघायला जाताना काय तपासावं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : लाकूड आणि लेदर सगळ्यात शेवटी बघा, नाहीतर तिथेच सौदा ठरतो. या गाडीला वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीचा पत्राच पेलतो. इंजिनच्या सिलिंडरचं बोअर, क्रँक, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) ही कामं आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात होऊ शकतात. सडलेली बॉडी नीट करायला मात्र त्याहून कितीतरी जास्त पैसा आणि वेळ जातो.

गाडी रॅम्पवर चढवायला लावा. दरवाजांखालचे सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) माउंटिंग आणि मागचा ॲक्सल आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड बॉडीला जिथे जोडलाय ती जागा, इथे पत्रा आधी सडतो. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. तळाला ताजं काळं अंडरकोट मारलेलं दिसलं तर खूश होऊ नका, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायची परवानगी मागा. मालक नाही म्हणाला तर तेही उत्तरच.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. तुम्ही पोहोचण्याआधीच बॉनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. ३.४ आणि ३.८ ला थंड इंजिनासाठी वेगळा स्टार्टिंग कार्बोरेटर असतो आणि तो उष्णतेवर चालणारा स्विच बंद करतो. हा स्विच अडकला की इंजिन तापल्यावरही काळा धूर आणि पेट्रोलचा वास येत राहतो. मेकॅनिक मग कार्बोरेटर खोलत बसतात, दोष स्विचचा असतो.

ऑइल प्रेशर गरम इंजिनाला ३००० आरपीएमवर ४० पीएसआयच्या आसपास हवं. डॅशवरचं मीटर विजेवर चालतं आणि त्याचा सेन्डर (इंजिनावरचा सेन्सर) बऱ्याचदा खोटं सांगतो. म्हणून कमी दिसलं तर साधं मेकॅनिकल गेज लावून खात्री करा. वरची टायमिंग चेन वाजत असेल तर ती ॲडजस्ट होते. खालची वाजत असेल तर हेड आणि सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) दोन्ही काढावे लागतात. टॅपेटची हलकी टिकटिक चालेल. अगदीच मुकं इंजिन असेल तर व्हॉल्व्हची क्लिअरन्स (फट) कमी आहे का ते बघा, घट्ट व्हॉल्व्ह जळतात. क्रँकच्या मागच्या सीलमधून चार थेंब गळणं हा या इंजिनाचा स्वभाव, धार मात्र नको.

हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतलेलं असेल तर ब्लॉकच्या मागच्या टोकाला गाळ बसतो आणि तिथले सिलिंडर तापतात. (जॅग्वारमध्ये एक नंबरचा सिलिंडर मागून मोजतात, प्लगच्या वायरी लावताना हे विसरू नका.) मालक गाडी कोल्हापूरला आणायला तयार असेल तर पन्हाळ्याचा चढ घ्या. तापमानाचा काटा वर जाऊन उतरेनासा झाला तर रेडिएटर आणि ब्लॉक धुण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

पहिल्या गिअरचा गुणगुणाट या वर्षाच्या गाडीला नॉर्मल आहे. शिवाय त्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज पडण्याची सोय) नाही. क्लच मात्र घसरायला नको: तो बदलायला इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढावे लागतात. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत; गाडी बरेच दिवस उभी राहिली की कॅलिपरचे (डिस्क दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन जाम होतात. मूळ वायरिंगमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. नवा इलेक्ट्रिशियन सवयीने उलटं जोडून रेडिओ जाळतो, त्याला आधीच सांगा.

शेवटी चासी आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. इंजिन बदललं असेल तर तशी नोंद हवी.

प्रश्न : अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली तर लग्नाच्या वरातीला भाड्याने देता येईल का?
– एक वाचक, कागल

उत्तर : नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, घरगुती वापराची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणायची. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहतो, तो जपा. पुतण्याच्या लग्नात हौसेने नेली आणि भाड्याने दिली यात फरक आहे, पण व्हिंटेज नोंद असेल तर हौसेसाठीही आधी आरटीओत विचारून घ्या.

प्रश्न : इथेनॉलचं पेट्रोल आणि आपला पावसाळा जुन्या इंग्लिश गाडीला झेपतो का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : इथेनॉलने जुने रबरी होज फुगतात, कॉर्कची पॅकिंग सुटतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉल चालणाऱ्या रबराचे टाका, फ्लोट चेंबरच्या नीडल व्हॉल्व्हचं टोक व्हायटॉनचं (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं) घ्या, मग मिक्श्चर किंचित रिच, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त, करून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर टाकीत शिळं पेट्रोल ठेवू नका. प्लॅस्टिकचं कव्हर तर अजिबात नको, आत दमटपणा कोंडतो. सुती कव्हर आणि मोकळी हवा बरी. आठवड्याला पाच मिनिटं सुरू करून बंद करण्यात तोटाच आहे, सम्पमध्ये पाणी साचतं. उघाड बघून पंधरा दिवसांतून एकदा २० ते २५ किलोमीटर चालवा आणि परत आल्यावर सिलच्या ड्रेन होलमधला चिखल काढा.