वाचकांचे प्रश्न: डीएनएची नक्कल अर्ध्यावर अडली, तर यीस्ट काय करते?

प्रश्न: माझ्या भाच्याला सिकलसेलचा आजार असून डॉक्टरांनी त्याला हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी माझी मुलगी सांगते की, प्रयोगशाळेत हेच द्रव्य यीस्टमध्ये घालून डीएनएची नक्कल होण्याचे काम अडवतात. हे ऐकून घरातील सगळे धास्तावले आहेत. हे खरे आहे का, आणि काम असे मध्येच अडल्यावर यीस्टचे काय होते? (एक वाचक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर: आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, परंतु केवळ त्या कारणाने भाच्याचे औषध बंद करू नये. प्रयोगशाळेत यीस्टच्या द्रावणात हायड्रॉक्सियुरिया बहुधा लिटरमागे सुमारे १५ ग्रॅम इतके घालतात, आणि रुग्णाच्या रक्तात औषधाच्या रूपाने जे उतरते त्याच्या मानाने हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असते. औषधाच्या मात्रेत त्याचा उपयोग असा की, गर्भावस्थेत असते त्या प्रकारचे हिमोग्लोबिन रक्तात वाढते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचे प्रमाण घटते. अस्थिमज्जेतील पेशी सतत विभागत असल्याने त्यांच्यावर औषधाचा काही परिणाम होऊ शकतो. ठरावीक काळाने रक्त तपासायला सांगतात ते याचसाठी, तेव्हा ती तपासणी चुकवू नये.

आता यीस्टकडे वळू. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत १६ गुणसूत्रे आणि सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांचा डीएनए असतो. त्याचा संपूर्ण क्रम १९९६ साली वाचून झाला. पोषक द्रावणात ही पेशी साधारण दीड तासात विभागते, आणि त्याआधी तिला या सगळ्या मजकुराची नक्कल पूर्ण करावी लागते. नक्कल एका टोकाकडून सुरू होत नाही. गुणसूत्रांवर तिच्या आरंभाच्या शेकडो जागा असतात, त्यांतील काही आधी तर काही उशिरा कामाला लागतात, आणि अशा प्रत्येक जागेपासून दोन्ही दिशांना डीएनएचा पीळ उलगडत जातो. जिथे पीळ सुटून दोन धागे वेगळे होतात तिथे झाडाच्या बेचक्यासारखा आकार तयार होतो, म्हणून त्याला इथे बेचकेच म्हणू.

डीएनएची अक्षरे तयार करणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज नावाचे एक विकर असते आणि हायड्रॉक्सियुरिया त्यालाच निकामी करते. अक्षरांचा साठा आटला की नवा धागा विणणारे विकर रेंगाळते, पीळ उलगडणारे यंत्र मात्र काहीसे पुढे निघून जाते, आणि मधल्या भागात एकेरी धागा उघडा पडतो. पेशीच्या लेखी धोक्याची खूण म्हणजे हा उघडा धागा. त्याच्यावर आरपीए नावाचे प्रथिन लगेच आवरणासारखे बसते, त्या आवरणाकडे मेक१ हे प्रथिन आपल्या डीडीसी२ या जोडीदारासह येते, आणि बेचक्याबरोबरच प्रवास करणाऱ्या एमआरसी१च्या मदतीने ते रॅड५३ या प्रथिनाला जागे करते. पुढची बहुतेक कामे रॅड५३ करवून घेते. उशिरा सुरू होणाऱ्या जागांना ते रोखून धरते, म्हणजे असलेला तुटपुंजा साठा आणखी ठिकाणी वाटला जात नाही. डन१च्या मार्फत ते एसएमएल१ नावाचे प्रथिन नष्ट करवते. हे एसएमएल१ एरवी रिडक्टेजला आवर घालत असते, त्यामुळे तो आवर सुटताच अक्षरांचे उत्पादन वाढू शकते. शिवाय गुणसूत्रांची वाटणीही थांबते. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी ओळखू येते: मोठी कळी फुटलेली, आकार डमरूसारखा, आणि केंद्रक मात्र एकच.

या यंत्रणेला चेकपॉइंट, म्हणजे तपासणी नाका, असे नाव आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टेड वाइनर्ट आणि लेलंड हार्टवेल यांनी १९८८ साली रॅड९ या जनुकावरचे जे काम प्रसिद्ध केले, त्यातून ही कल्पना रुजली. पेशीचक्रावरील संशोधनासाठी हार्टवेल यांना २००१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रॅड९ नसलेल्या पेशींवर क्ष-किरण सोडले तर तुटलेला डीएनए तसाच घेऊन त्या विभागतात आणि मरतात. पण औषध देऊन त्यांचे विभाजन काही काळ बाहेरून रोखले, तर त्यांतील अनेक वाचतात. म्हणजे त्यांना दुरुस्ती येत होती, उणीव फक्त थांबण्याची होती.

नक्कल अडते तेव्हा मात्र एवढ्याने भागत नाही, आणि या साऱ्या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. स्टीफन एलेज यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली दाखवले की, मेक१ किंवा रॅड५३चे काम बिघडलेल्या पेशींना हायड्रॉक्सियुरिया दिले, तर त्यांचे विभाजन बाहेरून रोखूनही त्या वाचत नाहीत. त्यानंतरच्या काही वर्षांत कारण स्पष्ट झाले. निरोगी पेशीत अडलेले बेचके जसेच्या तसे सांभाळले जाते. रॅड५३ नसेल तर ते विस्कटते आणि तिथून नक्कल पुन्हा सुरू होऊ शकत नाही. म्हणून ‘नाका’ हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण या यंत्रणेचे खरे काम थांबवण्यापेक्षा थांबलेले काम पुढे नेता येईल अशा स्थितीत राखण्याचे आहे. निरोगी यीस्टला काही तास असे अडवून ठेवून मग द्रव्य धुऊन टाकले, तर त्याच बेचक्यांपासून नक्कल पुढे चालू होते, ती पूर्ण झाली की गुणसूत्रांची वाटणी होते आणि एका डमरूच्या दोन पेशी होतात. तेव्हा आपल्या मुलीच्या प्रयोगातील यीस्ट मरत नाही; ते वाट पाहते.

प्रश्न: अक्षरांची टंचाई नसून डीएनएच खराब झालेला असेल, तर यीस्ट काय करते? (त्याच वाचकांचा पुढील प्रश्न)

उत्तर: तेव्हाही मेक१ आणि रॅड५३ जागे होतात; शिवाय खराब अक्षर ओलांडण्याची सोय वेगळी असते. बेचक्याजवळ कड्यासारखे बसणाऱ्या पीसीएनए या प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची एक खूण लागली, तर नेहमीच्या विकराच्या जागी खराब अक्षरासमोरूनही धागा विणू शकणारे दुसरे विकर येते. ते काम पुढे नेते, मात्र त्याच्या हातून चुका होऊ शकतात आणि त्यांतून उत्परिवर्तने राहून जातात. त्याच जागी युबिक्विटिनची साखळी जोडली गेली, तर नव्याने तयार झालेल्या शेजारच्या धाग्यावरून योग्य मजकूर उतरवून घेतला जातो, आणि ही वाट पुष्कळ बिनचूक असते. खराब अक्षर मात्र दोन्ही प्रकारांत जागेवरच राहते, आणि त्याची दुरुस्ती नक्कल पुढे सरकल्यानंतर होते.