'समाज'मधला 'सम' समान नव्हे

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "माझ्या प्रबंधिकेचा विषय इंग्रजीत 'स्टेट-सोसायटी रिलेशन्स' असा आहे. मराठी शीर्षकात 'शासन-समाज संबंध' लिहू की 'राज्य-समाज संबंध'? मार्गदर्शक 'शासन' म्हणतात, मला ते खटकतं."

खटकतं ते योग्यच. 'शासन' नको. शास् म्हणजे शिकवणं, हुकूम करणं, शिक्षा करणं. शिष्य, शास्त्र आणि 'मास्तरांनी शासन केलं' हे सगळे एकाच घरचे. न्यायालय, विधिमंडळ, नगरपालिका, तलाठी हे सगळं मिळून जे उभं राहतं, ते या शब्दात मावत नाही. संविधानाच्या मराठी पाठात १२व्या अनुच्छेदात 'राज्य' हाच शब्द आहे आणि सरकार, संसद, विधानमंडळं, स्थानिक प्राधिकरणं ही सगळी त्यात येतात. 'महाराष्ट्र राज्य' असा घोटाळा होईल असं वाटलं तर 'राज्यसंस्था' लिहा. झालं.

पण खरा अडचणीचा शब्द तुम्ही विचारलेलाच नाही. तो आहे 'समाज'.

दर व्याख्यानात ऐकते, "सम म्हणजे समान, म्हणून समाज म्हणजे समानांचा समूह." परवा एका प्राध्यापकांनी हेच फळ्यावर लिहून दाखवलं. साफ चूक आहे. इथे 'सम' नाही, 'सम्' हा उपसर्ग आहे, म्हणजे एकत्र. आणि पुढे धातू आहे अज्, म्हणजे हाकणं, चालवणं. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, त्याचा अर्थ 'गतिक्षेपणयोः', जाणं आणि फेकणं, असा देते. सम् + अज्, एकत्र हाकणं. गुरं हाकतात तसं!

हे मी ओढूनताणून सांगत नाही. पाणिनीचं सूत्र आहे, 'समुदोरजः पशुषु' (३.३.६९). गुरांचा कळप असेल तर 'समज', माणसांचा जमाव असेल तर 'समाज'. अमरकोशही तेच सांगतो : 'पशूनां समजोऽन्येषां समाजः'. फरक एका कान्याचा. यावर काही संस्कृतज्ञ मला बजावतात की पाणिनीने दोन्ही वेगळे काढले, तेव्हा माणसांच्या समाजाचा कळपाशी संबंध लावू नये. मला हे मुळीच पटत नाही. वेगळे काढायला नियम करावा लागला, तो दोन्ही शब्द एकाच धातूतून आले म्हणूनच.

आणि आता माझा लाडका मुद्दा. 'रयत' पाहा. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ चरायला नेलेला कळप. त्याच धातूचा 'राई' म्हणजे मेंढपाळ. संस्कृत आणि अरबी या एकमेकींशी नातं नसलेल्या दोन भाषांनी माणसांच्या समुदायाला नाव दिलं ते गुराख्याच्या शेजारी उभं राहून. माझं ठाम मत आहे की राज्य आणि समाज यांच्या नात्याचा अभ्यास इथून सुरू व्हावा : हाकणारा कोण, हाकले जाणारे कोण, आणि हाकायचा हक्क दिला कोणी?

राज्याने समाजाला केलेली मनाई तर दगडावर कोरलेली आहे. गिरनारला अशोकाचा पहिला शिलालेख वाचा : 'न च समाजो कतव्यो', समाज करू नये. तिथे समाज म्हणजे जत्रेसारखा मेळा. राजाला त्यात पुष्कळ दोष दिसतात. पण पुढच्याच वाक्यात सवलत आहे : 'अस्ति पि तु एकचा समाजा साधुमता', काही समाज राजाला चांगले वाटतात. कुठला जमाव चालेल आणि कुठला नाही हे राज्य ठरवतं आहे, तेही इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात. तुलनात्मक राजकारणाच्या पहिल्या तासाला हे का शिकवत नाहीत?

एकोणिसाव्या शतकात शब्द पुन्हा वळला. १८६७ साली प्रार्थना समाज, १८७३ साली सत्यशोधक समाज, १८७५ साली आर्य समाज. इथे समाज म्हणजे आपण होऊन ज्यात जावं अशी संस्था. आज? 'धनगर समाज', 'मराठा समाज', 'आमचा समाज'. आज बोलीत समाज म्हणजे बहुतेक वेळा जात.

संशोधनपद्धतीत हे किती महाग पडतं ते मी पाहिलं आहे. एका पाहणीच्या प्रश्नावलीचं मराठी तपासायला मला बोलावलं होतं. 'समाजाचा शासनावर विश्वास आहे असं तुम्हाला वाटतं का?' असा एक प्रश्न छापलेला. चाचणीसाठी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेलो. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या आजींनी प्रश्न ऐकला आणि विचारलं, "कुठल्या समाजाचं इचारतायसा? आमच्या का वरल्या आळीच्या?" प्रश्न विचारणाऱ्या मुलाने 'सांगता येत नाही' या चौकटीत खूण केली. आजींना सगळं सांगता येत होतं! मी विचारलं, "आजी, सातबारा काढायला तुम्ही एकट्या गेलात तर काम होतं का?" मग शेंगा बाजूला राहिल्या. तहसील कचेरीबाहेरच्या एजंटाला काय द्यावं लागतं, सरपंचाची चिठ्ठी कधी चालते, सगळं आलं.

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फ्रेडरिक शॅफर यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये नेमकं हेच केलं. वोलोफ ही तिथली भाषा बोलणारी सामान्य माणसं फ्रेंचमधून आलेला 'देमोकरासी' (लोकशाही) हा शब्द कशाकशाला वापरतात ते त्यांनी ऐकत बसून टिपलं. निवडणुकांपेक्षा एकमेकांना धरून राहणं, सगळ्यांना सारखं वागवणं असे अर्थ पुढे आले. १९९८ साली त्यांचं यावरचं पुस्तक निघालं. प्रश्नावली छापण्याआधी ते वाचाच.

आणि हो, तो कचेरीबाहेरचा एजंट! लॅटिन 'आगेरे' म्हणजे हाकणं, चालवणं, करणं. एजंट त्यातूनच आला, अजेंडाही. आणि आगेरे हा आपल्या अज्‌चा सख्खा भाऊ. राज्य आणि समाज यांच्या मध्ये जो माणूस उभा असतो, त्याचं नाव आणि 'समाज' हे एकाच धातूचे निघतात. तुमच्या प्रबंधिकेत त्याच्यासाठी एक प्रकरण ठेवा, आणि मार्गदर्शकांना १२वा अनुच्छेद दाखवा.